दवाखान्याची चादर

६ जानेवारी

चि. शेंडेफळास,

घरचा पत्ता तू कळवला नाहीस, म्हणून हे पत्र कचेरीच्या पत्त्यावर टाकते आहे. त्यावर आवक शिक्का बसेल, क्रमांक पडेल आणि तुझ्याआधी एखादा कारकून ते वाचेल. कारकूनमहाशय, नमस्कार. चहा घेऊन बसा, घरगुती भानगड आहे.

आता तू. गावसभेच्या फळ्यावर तुमच्या नियोजन खात्याची यादी लागली आहे, कोणकोणत्या गावांत अँब्युलन्स ठेवणार त्याची. खाली तुझी सही. सही अजून तशीच, शेवटचं अक्षर दार उघडं टाकून पळाल्यासारखं. यादीत वरची वाडी आहे, नदीपलीकडची दोन्ही गावं आहेत. आपलं गाव वगळलेल्यांत. कारणाच्या रकान्यात म्हटलंय, ‘गावात दवाखाना उपलब्ध. आधार : जनगणनेचा गावनिहाय सुविधा-तक्ता.’

तुला ठाऊक आहे, पण कारकूनमहाशयांना कळायला हवं, म्हणून सांगते. हा दवाखाना म्हणजे आमचे वडील, अण्णा, गावसभेचे अध्यक्ष असताना त्यांनी स्वतःची जमीन देऊन, गावाला दगड वाहायला लावून बांधलेल्या दोन खोल्या. तिथे डॉक्टर होते. नऊ वर्षांपूर्वी त्यांची बदली झाली, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. पाठोपाठ नर्सबाईही गेल्या. उरली ती किल्ली, आणि ती अण्णांच्या कनवटीला. रोज सकाळी ते दवाखाना उघडतात, झाडतात, डॉक्टरांची खुर्ची पुसतात, दुपारी कुलूप लावतात. खाटेवर पांढरी चादर असते. ती आई दर आठवड्याला नीळ घालून धुते. तूच नाही का भर गावसभेत म्हणाला होतास, “अण्णा, दवाखाना मेलाय, आता उचला त्याला”? आणि अण्णा म्हणाले होते, “ज्याला माझं काम मेलेलं दिसतं, त्यानं माझ्या घरी जेवू नये.” तू जेवला नाहीस. सहा वर्षं झाली. ताट वाढून झालं होतं रे, निदान जेवून तरी रुसायचंस.

तर जनगणनेचा माणूस आला तेव्हा मी तिथेच होते. अण्णांनी त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. फरशी आरशासारखी. कपाटात बाटल्या, लेबलं पुढे करून मांडलेल्या. चादरीला एक सुरकुती नाही. तो गृहस्थ वजनकाट्यावर उभा राहिला, आकडा बघून दचकला, “काटा बिघडलाय का?” म्हणाला, अण्णा म्हणाले, “काटा ठीक आहे, साहेब.” त्यानं खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान आमच्या शास्त्रीबुवांनी मला छडीच्या जोरावर शिकवलं होतं. चादर पांढरी आहे म्हणून डॉक्टर आहे, हा पाठ बहुधा मी गैरहजर असताना झाला असावा.

एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण आईच्या हृदयाची एक झडप सैल झाली आहे. शहरातल्या डॉक्टरांनी बजावलंय, “दम लागला की घरगुती उपाय करत बसू नका, तडक इथे आणा.” ‘इथे’ म्हणजे घाट उतरून दीड तास, तोही गाडी मिळाली तर. गावात गाडी एकच, दूधवाल्याचा टेंपो, आणि तो बहुतेक वेळ शहरातच असतो.

मागणी साधी आहे. आपलं गाव त्या यादीत घाल.

आईला हे पत्र ठाऊक नाही. तुझ्या खोलीतलं अंथरूण ती अजून उन्हात घालते, हेही मी तुला सांगितलेलं नाही.

ताई


११ फेब्रुवारी

मा. नियोजन अधिकारी महोदय यांच्या सेवेशी,

‘आपल्या दिनांक ६ जानेवारीच्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की’! अरे, मी तुझं नाक पुसलेलं आहे. ‘आपल्या’ काय? मी ते पत्र शाळेच्या शिक्षकखोलीत मोठ्यानं वाचलं, तेव्हा गणिताचे मास्तर म्हणाले, “भाऊ आहे की वसुलीची नोटीस?” मी म्हटलं, “दोन्ही. आमच्याकडे एकात भागवतात.”

असो. अनुषंग कळला. तक्त्यातली नोंद चुकीची असेल तर गावसभेनं तसा ठराव करावा, मग तुमचा माणूस येऊन प्रत्यक्ष पाहणी करील, मग फेरविचार. ठीक. मी त्याच संध्याकाळी अध्यक्षांकडे गेले. सध्या गावाचे अध्यक्ष तेलगिरणीवाले आहेत. गिरणीत गेलं की माणूस नुसता बोलून आला तरी दोन दिवस केसांना तेल लावावं लागत नाही.

मी मसुदा पुढे केला. दोन ओळींचा : गावात डॉक्टर नाही, दवाखाना नऊ वर्षं बंद आहे.

त्यांनी वाचला, हात पुसले, पुन्हा वाचला.

“पटतं हो ताई. शंभर टक्के खरं आहे. पण अण्णांच्या तोंडावर ‘दवाखाना नाही’ म्हणायचं? मी गिरणी उघडायच्या आधी ते दवाखाना उघडतात.”

“उघडतात. पण कोणासाठी?”

“ते विचारणारा एक होता गावात. तो राजधानीत जाऊन बसलाय.”

कोपऱ्यात शिंपी पेंडीच्या पोत्यावर बसला होता. त्याला गप्प बसायचा कंटाळा. “आणि मी काय म्हणतो,” तो म्हणाला, “खालच्या गावानं वाचनालय ‘आहे’ म्हणून लिहून दिलंय. आहे काय? तर न्हाव्याकडची जुनी वर्तमानपत्रं! आणि आपण चांगली बांधलेली इमारत असून ‘नाही’ लिहायचं? तोंड काय दाखवायचं बाजारात?”

“तोंड दाखवायला माणूस जिवंत हवा,” मी म्हटलं.

यावर शिंपी खरोखरच गप्प बसला. ही नोंद तुमच्या तक्त्यात घ्यायला हरकत नाही.

शेवटी ठरलं ते असं. अण्णांनी स्वतः सभेत उभं राहून ‘नाही’ म्हटलं, तर सगळे हात वर करतील. त्यांच्या आधी कोणीही करणार नाही. म्हणजे तुझ्या खात्याला ठराव हवा, गावाला अण्णा हवेत आणि अण्णांना डॉक्टर हवा. साखळी पूर्ण आहे, फक्त सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.

आई परवा जिना चढताना मधेच थांबली. मी विचारलं तर म्हणाली, “अगं, भिंतीचा रंग बघत होते.” भिंत तीस वर्षं त्याच रंगाची आहे.

ताई


४ मार्च

प्रिय शेंडेफळ,

या वेळी लेटरहेड नाही, सरकारी शिक्का नाही, तुझ्या अक्षरातल्या सहा ओळी आल्या. मी त्या शिक्षकखोलीत वाचल्या नाहीत.

तू लिहितोस, दवाखाना बंद आहे हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. पण अँब्युलन्स मोजक्या, गावं साडेतीनशे, आणि प्रत्येक गाव म्हणतं की आमचा आकडा चुकलाय. तू स्वतःच्या गावाचा आकडा हातानं बदललास तर उरलेल्यांना काय सांगशील? बरोबर आहे. मला राग येतो आहे तो तू बरोबर आहेस याचा. तू लहानपणी खेळात राज्य घेताना डोळे इतके घट्ट मिटायचास की कपाळाला आठ्या पडायच्या. बाकीची पोरं बोटांच्या फटीतून बघायची, आणि तू रोज हरायचास.

म्हणून परवा मी अण्णांकडेच गेले, दवाखान्यात. ते कपाटाच्या काचा पुसत होते. दाराशी मेंढपाळीण करडू घेऊन उभी होती. तिला त्याचं वजन करून हवं होतं, विकायचं होतं म्हणून.

“दवाखान्यात बकरी?” अण्णा कडाडले. “हा खाटकाचा काटा नाही!”

मागून आई आली, धुतलेली चादर हातात. म्हणाली, “करू द्या हो वजन. नऊ वर्षांत पेशंट म्हणून तीच एक आलीये.”

करडाचं वजन झालं. अण्णांनी ते डॉक्टरांच्या थाटात सांगितलं. मग मी विषय काढला.

त्यांनी मला डॉक्टरांच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसवलं, स्वतः उभे राहिले. त्या खुर्चीत ते कधीच बसत नाहीत, तुझ्या लक्षात आलं होतं का? म्हणाले, “तू शिकलेली आहेस, नीट ऐक. ‘आहे’ लिहिलेलं आहे तोवर इथली डॉक्टरची जागा रिकामी धरतात. रिकामी जागा आज ना उद्या भरतात. एकदा ‘नाही’ लिहून दिलं की जागाच गेली. मग कोणाला पाठवणार आणि कुठे? माणूस गेला म्हणून त्याचं ताट मोडीत काढायचं नसतं.”

खरं सांगते, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपण दोघं सहा वर्षं समजत होतो की म्हातारा हट्टी आहे. हट्टी आहेच, पण त्याला त्याचं शास्त्र आहे.

मी म्हटलं, “अण्णा, जागा भरेपर्यंत आईनं काय करायचं?”

ते काच पुसत राहिले. पुसलेलीच काच.

आई खाटेवर चादर घालत होती. चारी कोपरे खोचले, तळहातानं मधून सारखी केली, आणि श्वास घेण्यासाठी लोखंडी कठड्याला धरून उभी राहिली. तो आवाज तू ऐकलेला नाहीस. सुताराचा रंधा लांबवर चालावा तसा. अण्णांनी काच पुसायचं थांबवलं.

थोड्या वेळानं आई म्हणाली, “म्हणून टाका एकदाचं ‘नाही’. लग्नात तरी तुम्ही कुठे ‘हो’ म्हणाला होतात? तुमच्या वडिलांनीच म्हटलं. तरी झालाच ना संसार?”

अण्णा हसले. मी त्यांना हसताना किती दिवसांनी पाहिलं, आठवत नाही. म्हणाले, “बघू. पुढची सभा एक तारखेला आहे. तेव्हा बोलतो.”

त्यांच्या ‘बघू’चा अर्थ आपल्या घरात ‘हो’ असा होतो, हे तुला वेगळं सांगायला नको. तेव्हा एक तारखेनंतर लगेच तुझा पाहणी करणारा माणूस पाठव. त्याला दौऱ्याचा भत्ता मिळत नसेल तर जेवण आमच्याकडे.

आईला आता पत्रांचं कळलं आहे. तिनं निरोप दिला, तो जसाच्या तसा : “त्याला म्हणावं, मी काही तुझ्या यादीची वाट बघत नाहीये. तू ये.”

ताई


२९ मार्च

मी कचेरीत ठेवलेला निरोप तुला दौऱ्यावर मिळाला म्हणे, आणि मिळाला तेव्हा सगळं उरकलं होतं. तुझ्या कचेरीतल्या कारकुनानंच मला फोनवर सांगितलं. भला माणूस आहे. तेच वाक्य दोनदा म्हणाला. मीच त्याची समजूत घातली.

तू विचारशील, म्हणून लिहिते. दुसऱ्या कोणाकडून ऐकण्यापेक्षा बरं.

मी शाळेत होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास आईला घरी दम लागला. बसवेना आणि झोपवेना. अण्णांनी हाक मारली, शिंपी धावत आला. दैव बघ कसं, दूधवाल्याचा टेंपो त्या दिवशी गावात होता. शिंप्यानं त्याला बोलावून आणलं. मागच्या बाजूला गादी टाकली, इंजिन चालू ठेवलं. सगळं झालं होतं. फक्त आईला उचलून आत ठेवायचं होतं.

अण्णांनी तिला उचललं आणि टेंपोच्या बाजूनं पुढे गेले. दवाखान्याकडे.

शिंपी म्हणाला, “अण्णा, गाडी इकडे!”

अण्णा म्हणाले, “आधी इथे दाखवू. गावात दवाखाना असताना बाहेर कशाला?”

त्यांनी कुलूप काढलं, आईला खाटेवर ठेवलं, उशी सारखी केली. आणि स्टुलावर बसले, खुर्चीकडे तोंड करून. पेशंटच्या नातेवाइकानं बसावं तसे. शिंपी सांगतो, तो त्यांना हलवत होता, ओरडत होता, आणि अण्णा हात वर करून त्याला थांबवत होते, “गोंधळ करू नका, येतील आता.” बाहेर दूधवाला हॉर्न वाजवत होता.

मी पोचले तेव्हा हॉर्न थांबला होता.

टेंपोनं वेळेत पोचली असती का? शहरातल्या डॉक्टरांना मी विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “सांगता येत नाही.” मी ते वाक्य मनातल्या मनात सगळ्या बाजूंनी तपासून बघते. कोणत्याही बाजूनं धरलं तरी हाताला लागतं.

तू विचारायच्या आधी सांगते, ती शेवटी काही बोलली नाही.

अण्णा उठतात. जेवतात. दवाखाना उघडायला जात नाहीत. किल्ली त्यांनी देवघरात ठेवली नाही की फेकली नाही, जेवणाच्या ताटाशेजारी ठेवतात आणि जेवून झालं की पुन्हा कनवटीला लावतात.

माझ्यावर दया म्हणून तरी मला सरकारी भाषेत उत्तर देऊ नकोस. किंवा दे. आता त्या भाषेतच बरं वाटेल कदाचित.

ताई


१७ जून

प्रिय शेंडेफळ,

तुझं पत्र पोचलं. त्यात तू जे स्वतःबद्दल लिहिलंस त्याचं उत्तर मी कागदावर देणार नाही. एवढंच म्हणते, नियम केला तो तू एकट्यानं नव्हता, चादर पांढरी ठेवली ती एकट्या अण्णांनी नव्हती, आणि त्या दिवशी शाळेत फळ्यावर विभक्ती लिहीत मीच उभी होते. या हिशेबाला बाकी शून्य येत नाही. ठेवून दे.

ठराव झाला. सभेत अण्णा आले नाहीत, पण कोणीच त्यांची वाट पाहिली नाही. तेलगिरणीवाल्यांनी मसुदा वाचला. सगळे हात वर गेले. शिंप्यानं दोन्ही केले.

आणि काल तुमचा पाहणी करणारा माणूस आला. अगदी तरुण, नवे बूट, खांद्याला पिशवी. मी त्याला घेऊन गेले तर दवाखान्याच्या पायरीवर अण्णा आधीच बसलेले, किल्ली हातात. मी घाबरले. मला वाटलं, आता हे दार उघडून दाखवणार, कपाट, काटा, बाटल्या.

त्यांनी उघडलं. जवळजवळ तीन महिने आत कोणी गेलेलं नव्हतं. फरशीवर धूळ, खुर्चीवर धूळ, कपाटाच्या काचांमागे बाटल्यांच्या नुसत्या सावल्या. खाटेवरची चादर तशीच. एका बाजूला गोळा झालेली, उशीवर तेलाचा डाग, डोक्याएवढा.

त्या मुलानं दारातूनच पाहिलं. आत जायला त्याला बरं वाटेना, बुटांचे ठसे उठले असते. त्यानं विचारलं, “काका, इथे दवाखाना आहे का?”

अण्णा म्हणाले, “नाही.”

“म्हणजे तात्पुरता बंद की...”

“नाही म्हटलं ना. कधीच नव्हता असं लिहा.”

त्यानं खूण केली. मग तो चांगला मुलगा म्हणून त्यानं खरं ते सांगितलं. अँब्युलन्स यंदाच्या वाटून झाल्या आहेत. आपला क्रमांक पुढच्या फेरआखणीत. ‘प्राधान्याने’ असा शब्द त्यानं वापरला. तुझा शब्द आहे तो, मी ओळखला. अण्णांनी मान डोलावली. त्याला पाणी दिलं, रस्त्यापर्यंत पोचवलं.

मागच्या पत्रात मी तुला एक खोटं लिहिलं. आई शेवटी बोलली होती. शिंप्यानं ऐकलं, त्यानं मला सांगितलं आणि मी तुझ्यापासून लपवलं. तुला तुझं नाव हवं असेल, म्हणून. तुझं नाव नव्हतं. माझंही नव्हतं. अण्णांनी तिला खाटेवर ठेवलं तेव्हा ती उठायला बघत होती. पायाला अंगणातली माती होती. म्हणाली, “अहो, चादर मळेल.”

काल तो मुलगा गेल्यावर मी आत गेले. म्हटलं, पाहणी झाली, आता निदान ही चादर तरी काढून धुवावी. माझ्याच्यानं तिच्याकडे बघवत नव्हतं. मी कोपरा उचलला, तेवढ्यात अण्णांनी मनगट धरलं. ऐंशीच्या घरातला माणूस, पण पकड अजून दगड वाहणाऱ्याची.

“धुऊ नकोस,” ते म्हणाले. “स्वच्छ दिसली की मोजतात.”

ताई